दहावरचं बटण

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. रविवारी फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला कळलं नाही. हल्ली तू फार तोंडातल्या तोंडात बोलतेस. म्हणून लिहूनच पाठवतो, म्हणजे घोटाळा नको.

माझा गिटारचा ॲम्प्लिफायर उद्याच्या पार्सलच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. वर्षभर झालं, त्याचा बारीक आवाज गेलाय. ट्रेबलचं बटण दहावर, म्हणजे पार शेवटाला नेऊन ठेवलंय, तरी तारा उशीखालून वाजल्यासारख्या वाजतात. तुमच्या गिरणीच्या मागच्या गल्लीत जुने रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करून विकणारा एक म्हातारा आहे ना, त्याला दाखव. दुरुस्त होत असेल तर ठीक, नाहीतर त्याच्याकडे बदलीला टाक आणि मोठा घे. शंभर वॅटचा हवा, बारा इंची स्पीकर हवा, आणि मला एकट्याला उचलून जिना चढता आला पाहिजे. पैसे सोबत आहेत, तेवढ्यातच बसव, याच्यावर माझ्याकडे काही नाही.

घाई अशासाठी, की शनिवारच्या नाचाचा जो मोठा हॉल आहे, आम्ही अधूनमधून वाजवतो तो, त्याचा मालक वर्षभरासाठी एकच बँड ठरवणार आहे. वीस मार्चला ते आम्हाला ऐकणार. आमची गाणारी म्हणते की मी फार मोठ्याने वाजवतो. आता अठरा वर्षं ड्रमवाल्याच्या शेजारी उभा आहे, त्याच्या झांजांच्या वर माझं मलाच ऐकू येत नाही, तर मोठ्याने नको वाजवू? खोका धड मिळाला की सगळं सुरळीत होईल.

लोभ आहेच, जरा कामालाही लाव.

तुझा,
बारक्या


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. वि. वि. आशीर्वाद पहिल्या ओळीत देऊन टाकले, आता बोलणी खा. मी तोंडात बोलते? शंभर माग धडधडत असतात तिथे मी तीस वर्षं बोलतेय. पलीकडच्या रांगेतल्या बाईला माझ्या नुसत्या ओठांवरून कळतं मी काय म्हणाले ते, आणि तुला कानाला फोन लावून कळत नाही. पुटपुटतोस तू. तुझे भावजीसुद्धा हल्ली पुटपुटायला लागलेत. वय झालं की पुरुषांच्या आवाजातला जोर जातो, दुसरं काय.

खोका आला. धोंडा आहे नुसता. शेजारणीच्या मदतीने हातगाडीवर चढवला आणि रेडिओवाल्याकडे नेला. चष्म्याची काडी तारेने बांधलेली, बोलताना मान वर करत नाही, एक स्क्रू शोधायला पाव तास. मला असली माणसं सोसत नाहीत. तुझी यादी वाचून दाखवली. शंभर वॅट म्हटल्यावर हसला. म्हणाला, शंभराचा खोका पन्नासाच्या दुप्पट वाजत नाही, जेमतेम एक पायरी वर जातो. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग विचारत बसला, हॉलमध्ये माणसं किती, हॉलचे स्वतःचे भोंगे आहेत का. मी एकदाच आलेय तिथे, दोन्ही बाजूंना काळी कपाटं टांगलेली बघितल्याचं आठवतं, तसं सांगितलं. तर म्हणतो, मग लोकांना ऐकवायचं काम त्या कपाटांचं. भावाच्या खोक्याचं काम भावाला ऐकवायचं.

व्हॉल्व्हचे दोन खोकेही दाखवले. आवाज गोड असतो म्हणे, पण आत काचा. जिन्यावर एकदा आपटला की गोडी संपली. तुझ्यासारख्या धांदरटाला तो नको.

तुझा जुना ठेवून घेतलाय. उघडून बघतो म्हणाला. शनिवारी जाते.

जेवत जा वेळेवर. माया आहे म्हणून ओरडते, ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. वि. वि. तो म्हातारा लबाड आहे.

म्हणतो, खोक्यात काही बिघाड नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर वाजव. भिंतीवरची गिटार काढली, खोक्याला जोडली, आणि आधी स्वतःच्या कानात कापसाचे बोळे घातले. म्हटलं, हा आत्ताच तयारी करतोय माझं बोलणं ऐकायला नको म्हणून. मग वाजवलं. बटण तुझं तसंच दहावर. आवाज म्हणजे कापसाचं पोतं जमिनीवर टाकावं तसा, भद्द. तुझं अगदी खरं आहे, बारीक सूर त्यात उरलेलाच नाही. मी सांगितलं, मेलेला आहे हा. तर त्याने एक काट्याचं यंत्र लावून दाखवलं, काटा पार टोकाला गेला. मी म्हटलं, काट्याला कान आहेत का. मला आहेत.

तो माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मग मी सोडलं नाही. दुकानाच्या दारात उभी राहून सांगितलं की दुरुस्ती येत नसेल तर तसं म्हण, बाईमाणूस बघून फसवू नकोस. गल्लीतली चार माणसं जमली. आता दुसरीकडे कुठे जमतं का बघते. तुझ्या पैशाला हात लावलेला नाही.

तुझी बाजू घेणारी एक मीच आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. वर्षभर सगळे मला सांगतायत की खोका ठीक आहे, तुझ्याच मनाचे खेळ आहेत. तू ऐकलंस, तुला कळलं. तेवढंच पाहिजे होतं.

आता वेळ नाही. गेल्या शनिवारी त्याच हॉलमध्ये आवाज फार झाला म्हणून पुढच्या टेबलावरची माणसं उठून मागे गेली. गाणारीने मला बाजूला घेऊन सांगितलं की माझा आवाज सुईसारखा टोचतो. मला तो पोत्यासारखा ऐकू येतो आणि तिला सुईसारखा, आता काय बोलावं. वीस तारखेला असंच झालं तर दुसरा गिटारवाला घेणार आहेत. तिने एकाला विचारूनही ठेवलंय. ड्रमवाला खाली मान घालून उभा होता.

ताई, दिवसभर मी छापखान्यात कागद कापतो. शनिवारचे ते चार तास गेले तर माझ्याजवळ राहतं काय? तेव्हा वाद सोड आणि शंभर वॅटचा घे, त्याच्याकडून घे नाहीतर आणखी कुणाकडून. माझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला की मी कुणाला ऐकणार नाही.

लोभ तुझा नेहमीच भरवशाचा, या वेळी जरा लवकर पाठव.

तुझा,
बारक्या


दि. २ मार्च

चि. बारक्यास,

अ. उ. आ. वि. वि. हे पत्र तीनदा फाडलं. मला लिहिता फार येत नाही आणि फिरवून तर मुळीच येत नाही, म्हणून आता जसं येईल तसं.

रेडिओवाला लबाड नाही. मीच मूर्ख आहे.

खोका परत आणायला गेले होते. तो म्हणाला, न्या, पण एकदा ऐकून न्या. कानात बोळे घातले, बटण दहावर ठेवलं आणि बारीक तार छेडली. मला तेच, भद्द. मी म्हणणार होते की बघ, तेवढ्यात मागच्या खोलीतून त्याची बायको धावत आली. हात साबणाने भरलेले, म्हणून दोन्ही मनगटं कानांवर दाबलेली, आणि चेहरा असा की कुणी दाभण खुपसलंय. तिच्या ओठांवरून मला कळलं ती काय म्हणत होती. बंद करा, कान फाटले माझे.

मी तिच्याकडे बघितलं. मग त्याच्या कानातल्या कापसाकडे बघितलं. त्या दिवशीही तो कापूस माझ्यासाठी नव्हता बारक्या, तुझ्या खोक्यासाठी होता. मग मी स्टुलावर बसले.

त्याने एक कागद ओढला आणि पेन्सिलीने लिहून विचारलं, मागावर किती वर्षं. मी सांगितलं तीस. मग लिहिलं, भाऊ काय करतो. मी सांगितलं, अठरा वर्षं ड्रमच्या शेजारी उभा आहे. त्याने पेन्सिल खाली ठेवली. मी त्याची माफी मागितली, दारात उभी राहून, मागच्या वेळेइतक्याच मोठ्याने. गल्लीला कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरणीकडे गेले. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला डबे लावतात आणि सांगतात की आवाज आला की बटण दाबा. पहिले काही आले. मग मी बसून राहिले, म्हटलं आता येईल, मग येईल. तिने दार उघडलं तेव्हा कळलं की तपासणी संपली. आवाज येऊन गेले होते. तिने कागदावर रेघ काढून दिली, जाड आवाजापासून बारीक आवाजाकडे जाणारी. अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. गिरणीतल्या निम्म्या बायकांचं असंच आहे, ते मला ठाऊक होतं. माझं नाही असं वाटत होतं. तुझे भावजी पुटपुटत नाहीत. तूही नाहीस. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपता येतं, असं ती म्हणाली.

तो कागद सोबत घातलाय. तुझा काढ आणि मला पाठव.

शंभर वॅटचा मी घेतला नाही. तो घेऊन तू उरलेलंही घालवशील आणि बँडही. जुना बदलीला टाकून तीस वॅटचा घेतलाय. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे आत काचा नाहीत, स्पीकर बारा इंची, एका हाताने उचलता येतो. मागे एक भोक आहे, तिथून वायर काढून हॉलच्या कपाटांना जोडायची. म्हातारा म्हणाला, तो जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा आणि मागे कलता ठेवा. इतकी वर्षं तू खोका पोटऱ्यांच्या मागे ठेवतोयस, त्याने विचारलं तुमचा भाऊ पायाने ऐकतो का. पाकिटात मेणाचे बोळे आहेत, झांजेच्या बाजूच्या कानात घाल. पैसे उरले ते परत पाठवतेय.

राग येईल. येऊ दे. आशीर्वाद मागे घेत नाही.

तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,

न. वि. वि. मी तुला खोका आणायला सांगितला होता, माझे कान तपासायला नाही.

तुझं झालं म्हणून माझंही झालं, हे तुला कुणी सांगितलं? तू लोखंडात उभी राहिलीस. मी सुरात उभा राहिलो. दोन्ही एकच नाही. गिटार वाजवणाऱ्या माणसाला तू कागदावर रेघ काढायला सांगतेस. उद्या माझ्या हाताची बोटं मोजायला सांगशील.

गाणारीला हे कळलं तर वीस तारखेची वाट बघायचीही गरज नाही.

खोका मिळाला. उघडलेला नाही.

बारक्या


दि. १० मार्च

चि. बारक्यास,

अ. उ. आ. वि. वि. पत्र पोचलं. ‘तुझा’ लिहायला विसरलास. मी विसरत नाही.

गाणारीला कळेल म्हणून घाबरतोस. तिला कळलेलंच आहे, फक्त नाव माहीत नाही. तिला वाटतं तू हट्टी आहेस. हट्टी माणसाला बँडमधून काढतात. ऐकू कमी येणाऱ्याला काढतात की नाही ते तू विचारल्याशिवाय कसं कळणार?

आमच्याकडचं सांगते. आमचा फिटर, मागांची दुरुस्ती करतो तो, ठार बहिरा आहे. नवीन बायका हसतात. पण माग बिघडला की तो लोखंडावर पंजा ठेवतो, डोळे मिटतो आणि सांगतो कुठलं चाक सैल आहे. बावीस वर्षांत चुकलेला नाही. पण एक गोष्ट तो कधी करत नाही. कापडाचा रंग तपासत नाही, कारण त्याच्या डोळ्यांत हिरवा आणि तपकिरी एकच. तो हाताखालच्या पोरीला हाक मारतो, ती खुणेने सांगते, तो मान डोलावतो. त्याचं त्यात काही गेलेलं मी बघितलं नाही.

तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. ती तुला ठाऊक आहेत, तालही ठाऊक आहे. एक बटण तुझं नाही राहिलं, एवढंच. ते गाणारीच्या हातात दे. ती ठेवेल तिथे राहू दे, तुला कितीही भद्द वाटलं तरी. ते बटण परत दहावर नेलंस तर मात्र मी तुझी बाजू घेणार नाही.

खोका नको असेल तर गाडीने परत पाठव, म्हाताऱ्याने घ्यायचं कबूल केलंय. मी आता त्याची शिफारस करते गल्लीत, काय करणार.

माया कमी झालेली नाही, हवी तर तपासून घे.

तुझी,
ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कागद सोबत आहे. तुझ्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला लावून बघितला. डाव्या कानाची रेघ जिथून खाली पडते ती जागा तुझ्या रेघेच्या जागेपासून बोटभरसुद्धा लांब नाही. उजवा थोडा बरा आहे. लहानपणी लोक म्हणायचे ही भावंडं एकमेकांसारखी दिसत नाहीत.

नवा खोका उघडला आणि कागद खिशात घेऊन तालमीला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण आयत्या वेळी नुसता कागद गाणारीच्या हातात दिला. तिने वाचला, ड्रमवाल्याला दिला. ड्रमवाल्याने तो वाचला, स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि विचारलं की हे कुठे काढून मिळतं. मग त्याने न सांगता झांजांची बाजू बदलली.

गाणारीने माझ्याकडून गिटार वाजवून घेतली आणि बटणं स्वतः लावली. ट्रेबल चारवर. चारवर, ताई. मग नखं रंगवायची बाटली काढून प्रत्येक बटणासमोर एकेक लाल ठिपका दिला. मी त्या ठिपक्यांकडे बघत होतो. माझा खोका आणि त्याच्या खुणा दुसऱ्याच्या. खुर्चीवर कलता ठेवल्यापासून जाड तारा मात्र स्वच्छ ऐकू येतात, हे म्हाताऱ्याला सांग. बारीक तारा बोटांना लागतात तेवढ्यावर वाजवतो. वरच्या सुरांवर मला काहीच ऐकू येत नाही, खिडकीबाहेर हात काढावा आणि बाहेर पाऊस आहे की नाही ते समजू नये तसं.

ती म्हणाली वीस तारखेपर्यंत मीच वाजवेन. पुढचं पुढे. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तू ये. शेवटच्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा आहे, तो पार वरच्या सुरांवर जातो. ते सूर निघतात की नाही ते मला सांग. बाकीचे धीर देतील. तू देणार नाहीस, म्हणून कान माझ्यासारखेच असले तरी तुलाच विचारतोय.

लोभ होताच, मधे मीच त्याकडे पाठ केली होती.

तुझा,
बारक्या


दि. २२ मार्च

चि. बारक्यास,

अ. उ. आ. वि. वि. शेवटची बस चुकली असती म्हणून न भेटता आले. रागावू नकोस. खरं सांगायचं तर भेटले असते तर तिथेच बोलावं लागलं असतं, आणि त्या गोंगाटात आपण दोघांनी काय बोलायचं होतं?

मी भिंतीला लागून बसले होते, डाव्या हाताला, जिथून व्यासपीठ सबंध दिसतं. बाकावर पंजा ठेवून. तुझा ताल पंजाला नीट लागत होता, एकदाही सुटला नाही. मधल्या एका गाण्यात तुझा हात त्या बटणाकडे गेला. ते मी बघितलं. अर्ध्यावर थांबला आणि परत तारांवर आला. मी तीस वर्षं काम केलंय, अर्ध्यावरून हात मागे घ्यायला काय लागतं ते मला समजतं.

आता तू विचारलंस त्याचं. शेवटच्या तुकड्यातले वरचे सूर मला ऐकू आले नाहीत. एकही नाही. तुझी बोटं वर वर सरकत गेली आणि माझ्यासाठी तिथे फक्त बोटं होती. मग मी तुझ्याकडे बघायचं सोडलं आणि गाणारीकडे बघितलं. ती तुझ्याकडे तोंड करून उभी होती, गाणं संपवून, हात खाली सोडून. तू वर गेलास तसे तिचे डोळे हळूहळू मिटले. कपाळावर आठी नाही. दाभण खुपसलेला चेहरा मी बघितलेला आहे, तो हा नव्हता. तू सगळ्यात वर गेलास तेव्हा तिची हनुवटी जरा उचलली गेली, आणि तू थांबेपर्यंत ती तशीच राहिली. पुढच्या टेबलावरचं कुणी उठलं नाही. एक बाई पेला तोंडाशी नेत होती, तो तिने तिथेच धरून ठेवला.

सूर आहेत बारक्या. आपल्याला ऐकू येत नाहीत, पण आहेत.

आणखी एक. ती माणसं तुला हे सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. खुर्च्या उचलत होते तेव्हा हॉलचा मालक समोरच्या दारात गाणारीशी बोलत होता. तू वायर गुंडाळत होतास. मी भिंतीपाशीच होते. पलीकडच्या रांगेतली बाई काय म्हणते ते मी आयुष्यभर ओठांवरून वाचलंय, दार काही फार लांब नव्हतं. मालक म्हणाला, एप्रिलपासून या. मग त्याने विचारलं की गिटारवाला नवीन आणला का, मागच्या खेपेचा टोचत होता. गाणारीने तुझ्याकडे वळून बघितलं. तू खाली वाकलेला होतास.

ती म्हणाली, तोच आहे.

बोळे रोज धुऊन ठेव. दर वर्षी रेघ काढून माझ्याकडे पाठव, मी माझी पाठवते. पत्र लिहीत जा, फोन करू नकोस. माया ओळीओळीत आहे, ती वाचायला कान लागत नाहीत.

तुझी,
ताई